घरच्या नेटवर्कवर कॉम्प्युटर नावानं सापडत नाहीत: विंडोज, मॅक, उबुंटू एकत्र

गुजरीकर

नमस्कार मंडळी. खाली दुकान, वर घर अशी मांडणी आहे.

खाली: टॅलीचा विंडोज १० पीसी (नाव दुकान-पीसी), एक विंडोज ११ लॅपटॉप, वायफाय प्रिंटर.
वर: मॅकबुक, जुन्या डेस्कटॉपवर उबुंटू (नाव गोदाम, सांबा शेअर आहे, म्हणजे त्यावरचा फोल्डर विंडोजलाही उघडता येतो; फोटोंचं सॉफ्टवेअर डॉकरच्या कंटेनरमध्ये चालतं), दोन अँड्रॉइड फोन.
फायबरवाल्यानं बसवलेला डबा खाली. तिथून केबल वर गेलीय आणि वर आमचा स्वतःचा वायफाय राउटर.

लक्षणं अशी:
- मॅकवरून गोदाम.लोकल लगेच उघडतं.
- दुकानातल्या लॅपटॉपवरून \\गोदाम केलं की ०x८००७००३५, म्हणजे नेटवर्क पाथ सापडला नाही. आयपी टाकला तरी तेच.
- उलट मॅकवरून दुकान-पीसीचा फोल्डर आयपीनं उघडतो, नावानं नाही.
- लाईट जाऊन आली की दुकान-पीसीचा आयपी कधीकधी बदलतो आणि लॅपटॉपवरच्या टॅलीला डेटा सापडत नाही.
- एक्सप्लोररच्या नेटवर्क यादीत गोदाम कधीच दिसलेलं नाही.

सगळ्यांना पक्का आयपी देऊन होस्ट्स फाइल (कुठल्या नावाचा आयपी कुठला याची प्रत्येक मशीनवरची यादी) भरणं एवढा एकच मार्ग आहे का?

तांबडा_रस्सा

भावा, चार मशीन तर आहेत. पक्के आयपी द्या, होस्ट्स फाइल भरा, विषय संपला. विंडोजवर ती सी ड्राइव्हमध्ये विंडोज, सिस्टम३२, ड्रायव्हर्स, इटीसी या वाटेनं आत असते. नोटपॅड ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचा, नाहीतर सेव्ह होत नाही. सेव्ह करताना 'ऑल फाइल्स' निवडायचं. तसं केलं नाही तर होस्ट्स.टीएक्सटी नावाची फाइल तयार होते आणि विंडोज तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. मॅक आणि उबुंटूवर ती इटीसी फोल्डरमध्ये असते.

रंकाळा_६४बिट

विषय संपत नाही. रूट न केलेल्या अँड्रॉइड फोनवर होस्ट्स बदलता येत नाही, प्रिंटरवर तर प्रश्नच नाही. शिवाय गोदाम आयपीनंसुद्धा उघडत नाही असं त्यांनी लिहिलंय. ज्या पत्त्यापर्यंत पोचताच येत नाही, तो होस्ट्समध्ये लिहून काय लागतंय?

वरून खाली आयपीनं जातं, खालून वर जात नाही. इथेच निदान झालं: तुमच्याकडे दोन नेटवर्कं आहेत. वरच्या राउटरच्या वॅन (बाहेरचं नेट घ्यायच्या) पोर्टात केबल आहे, म्हणून तो वरच्या मशीनना वेगळे पत्ते वाटतोय आणि नॅट करतोय, म्हणजे सगळ्यांना आपल्या एकाच पत्त्यामागे झाकतोय. नॅट आतून बाहेर जाऊ देतं, बाहेरून आत येऊ देत नाही. त्याच्या दृष्टीनं तुमचं दुकान म्हणजे बाहेरचं इंटरनेट.

खात्री करून घ्या. विंडोजवर आयपीकॉन्फिग, उबुंटूवर 'आयपी ॲड्रेस', मॅकवर वायफायच्या डिटेल्समध्ये टीसीपी/आयपी. प्रत्येकाचे पहिले तीन आकडे इथे टाका.

गुजरीकर

खालची दोन्ही मशीन १९२.१६८.१ मध्ये. वरची सगळी १९२.१६८.० मध्ये.

रंकाळा_६४बिट

झालं तर मग. नावं शोधायच्या ज्या घरगुती पद्धती आहेत त्या ब्रॉडकास्ट किंवा मल्टिकास्टवर चालतात, म्हणजे 'अमुक नावाचं कोण आहे?' अशी हाक सगळ्यांना एकदम मारतात. ती हाक राउटर पलीकडे जाऊ देत नाही. तेव्हा आधी सगळं एका नेटवर्कमध्ये आणा, वरचा राउटर नुसता ॲक्सेस पॉइंट (पत्ते न वाटता फक्त वायफाय देणारा) करून टाका.

वरच्या राउटरच्या सेटिंगमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' असेल तर तो निवडा, बाकी तो स्वतः बघतो. नसेल तर हातानं, आणि याच क्रमानं:

१. लॅपटॉप केबलनं वरच्या राउटरला जोडा. त्याचा लॅन पत्ता १९२.१६८.१.२ करा. खालच्या डब्याचा डीएचसीपी (आपोआप आयपी वाटायचा) पट्टा २ पासूनच सुरू होत असेल तर तो आधी १०० ते २०० करून घ्या, नाहीतर एकाच पत्त्यावर दोघं बसतील.
२. नव्या पत्त्यावर परत लॉगिन करा आणि डीएचसीपी सर्व्हर बंद करा.
३. खालून आलेली केबल वॅनमधून काढून लॅनच्या कुठल्याही पोर्टात लावा. वॅन रिकामा राहू दे.
४. वरची सगळी मशीन वायफायवरून तोडून परत जोडा.

दुसरी पायरी गाळून तिसरी केली तर एका नेटवर्कवर दोन डीएचसीपी होतात. काहींना नेट चालतं, काहींना नाही, आणि कारण शोधता शोधता रात्र जाते.

'गेस्ट नेटवर्क' किंवा 'एपी आयसोलेशन' चालू असेल तर बंद करा. ते चालू असलं की वायफायवरचे दोघं एकमेकांना दिसत नाहीत, नेट मात्र झकास चालतं, म्हणून तिकडे कुणाचं लक्षच जात नाही.

कात्यायनी

रंकाळा यांचं करून झाल्यावर हे वाचा. 'विंडोजला नाव सापडत नाही' यात तीन निरनिराळ्या तक्रारी असतात आणि सगळे त्या एकत्र कालवतात: नावाचा आयपी मिळत नाही, एक्सप्लोररच्या यादीत मशीन दिसत नाही, आयपी मिळाला पण शेअर उघडत नाही. तिन्हींची यंत्रणा वेगळी आहे.

आधी नावाचं. हाकेला उत्तर देणाऱ्या तीन भाषा आहेत.

नेटबायॉस सगळ्यात जुनी, तिचे आरएफसी (इंटरनेटचे तांत्रिक नियम-दस्तऐवज) १९८७ चे. यूडीपी १३७ वर ब्रॉडकास्ट, फक्त आयपीव्ही४, नाव जास्तीत जास्त १५ अक्षरांचं (सोळावं अक्षर सेवेचा प्रकार सांगायला राखीव). पंधरापेक्षा मोठं नाव दिलंत तर विंडोज शेपूट कापतं. 'लक्ष्मीज्वेलर्स-काउंटर१' आणि 'काउंटर२' अशी नावं रोमनमध्ये लिहून कापलीत की दोन्ही एकच होतात.

एलएलएमएनआर व्हिस्टापासून आलं. यूडीपी ५३५५, मल्टिकास्ट पत्ता २२४.०.०.२५२. मॅक ही भाषा बोलत नाही.

एमडीएनएस म्हणजे ॲपलवाल्यांचं बॉनजूर, लिनक्सवर अवाही. यूडीपी ५३५३, पत्ता २२४.०.०.२५१, आरएफसी ६७६२, साल २०१३. नावाला '.लोकल' शेपूट लागतं. विंडोज १० च्या नंतरच्या आवृत्त्यांत आणि ११ मध्ये ही अंगभूत आहे, वेगळं बॉनजूर बसवायची गरज नाही. अँड्रॉइडवर १२ पासून ब्राउझरमध्येही '.लोकल' चालायला लागलं. त्याआधीच्या फोनवर नाही.

तुमच्या घरातली सगळी मशीन समजतील अशी भाषा एकच आहे, एमडीएनएस. म्हणून नियम एकच ठेवा: कुठूनही, कुणालाही हाक मारायची ती '.लोकल' लावूनच. विंडोज शेपटाशिवायही नाव शोधून देतं, कारण ते सगळ्या भाषांत एकदम विचारतं. मॅक आणि लिनक्स तसं करत नाहीत. नुसतं 'दुकान-पीसी' विचारलं तर ते सरळ डीएनएसकडे (नावावरून आयपी सांगणाऱ्या सर्व्हरकडे) जातात आणि हात हलवत परत येतात.

उबुंटूवर अवाही-डीमन आणि लिबएनएसएस-एमडीएनएस ही दोन पॅकेजं हवीत. पहिलं आपलं नाव जाहीर करतं, दुसरं इतरांची शोधतं. दुसरं नसलं तर मॅकला गोदाम दिसतं पण गोदामाला मॅक दिसत नाही. इटीसीमधल्या एनएसस्विच.कॉन्फमध्ये 'होस्ट्स' ओळीत क्रम असा हवा: फाइल्स, मग एमडीएनएस४_मिनिमल, मग चौकटी कंसातलं नॉटफाउंड=रिटर्न, मग डीएनएस. एमडीएनएस शब्द डीएनएसच्या नंतर गेला तर '.लोकल'ची चौकशी आधी बाहेरच्या डीएनएसकडे जाते.

नावात अंडरस्कोर नको, स्पेस नको. इंग्रजी अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ, बस्स.

(आज्ञा आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत लिहितेय, टाइप करताना अर्थात रोमनमध्ये.)

उद्यमनगरी

मध्येच घुसतोय. वर्कशॉपमध्ये एका मशीनला जोडलेला एक्सपी आहे, त्याचं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नाही. त्याला '.लोकल' कळेल का?

कात्यायनी

नाही. एक्सपीला नेटबायॉसच. गोदामसारख्या लिनक्स मशीनवर सांबाचं एनएमबीडी (नेटबायॉसच्या हाकेला उत्तर देणारी सेवा) चालू असेल तर एक्सपीला ते नावानं सापडेल, पण पुढे दार बंद: एक्सपी फक्त एसएमबी१ (फाइल शेअरिंगची जुनी पद्धत) बोलतो आणि सांबानं ४.११ पासून, म्हणजे २०१९ पासून, ते मुळात बंद ठेवलंय. परत चालू करता येतं, करू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस याच एसएमबी१ मधल्या भोकातून पसरला. एक्सपी नेटवर्कवरून काढा, फाइली पेन ड्राइव्हनं न्या.

गुजरीकर

ॲक्सेस पॉइंट झाला. सगळे १९२.१६८.१ मध्ये आले. मॅकवरून दुकान-पीसी.लोकल उघडलं. पण लॅपटॉपवरून पिंग गोदाम.लोकल केलं तर १७२.१७.०.१ दाखवतो आणि रिक्वेस्ट टाइम्ड आउट. असला पत्ता घरात कुणाचाच नाही.

कात्यायनी

आहे की, डॉकरचा. १७२.१७.०.१ हा डॉकरच्या आतल्या पुलाचा नेहमीचा पत्ता. अवाही मशीनवरच्या प्रत्येक इंटरफेसचा पत्ता जाहीर करायला जातं, त्यात हाही बाहेर पडतो आणि विंडोजनं नेमका तोच उचललाय. मॅकनं बरोबर पत्ता पकडला, एवढंच.

गोदामवर 'आयपी लिंक' चालवून खऱ्या लॅन कार्डाचं नाव बघा, ईएनपी३एस० असलं काहीतरी असेल. मग इटीसीमधल्या अवाही फोल्डरातली अवाही-डीमन.कॉन्फ उघडा. 'सर्व्हर' भागात अलाउ-इंटरफेसेस ही ओळ असते, तिच्या सुरुवातीचं # काढा आणि आधीची नावं पुसून फक्त ईएनपी३एस० ठेवा. मग सुडो सिस्टमसीटीएल रीस्टार्ट अवाही-डीमन. लॅपटॉपवर आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस. एमडीएनएसमध्ये यजमानाच्या पत्त्याची मुदत १२० सेकंद असते, तेव्हा दोन मिनिटं दम धरून परत पिंग करा.

पिंगला उत्तर येतंय की नाही याकडे नाव तपासताना बघू नका. पहिल्या ओळीत कंसात जो आयपी छापला जातो तो बघा. विंडोजचं फायरवॉल पुष्कळदा पिंगच अडवतं. नाव सापडलेलं असतं आणि माणूस नावालाच दोष देत बसतो.

तांबडा_रस्सा

मी पण करून बघितलं. एनएसलुकअपला .लोकल नाव दिलं तर 'नॉन-एक्झिस्टंट डोमेन' म्हणतोय. मग कसलं चालतंय तुमचं एमडीएनएस?

रंकाळा_६४बिट

एनएसलुकअप फक्त डीएनएस सर्व्हरला विचारतं. होस्ट्स फाइल बघत नाही, हाक मारत नाही. तुमच्या आवडत्या होस्ट्समध्ये लिहिलेलं नावही त्याला सापडणार नाही, करून बघा. लिनक्सवर डिग आणि होस्ट या आज्ञांचं तेच.

खरी तपासणी: विंडोजवर पॉवरशेलमध्ये रिझॉल्व्ह-डीएनएसनेम, लिनक्सवर गेटेन्ट होस्ट्स आणि पुढे नाव, मॅकवर डीएनएस-एसडी -जी व्ही४ आणि नाव. एखाद्या आयपीच्या मागे कुठलं विंडोज आहे हे बघायचं असेल तर एनबीटीस्टॅट, मग -ए (मोठा, म्हणजे कॅपिटल ए) आणि आयपी. छोटा ए दिला की तो नाव मागतो.

जोतिबाचा_गुलाल

माझं मत वेगळं. हाका मारत बसण्यापेक्षा राउटरवरच डीएनएस ठेवा. ओपनडब्ल्यूआरटी (राउटरवर टाकायचं मोफत सॉफ्टवेअर) किंवा पाय-होल (जाहिराती अडवणारा घरगुती डीएनएस) असेल तर आत डीएनएसमास्क हा छोटा डीएनएस-डीएचसीपी सर्व्हर असतोच. डीएचसीपी आणि डीएनएस एकाच ठिकाणी आले की पत्ता वाटतानाच नावाची नोंद होते. फोन, प्रिंटर, टीव्ही, कुणाच्याही सेटिंगला हात लावायला नको. आणि सबनेट (वेगवेगळ्या पत्त्यांची नेटवर्कं) दोन असले तरी चालतं, जे एमडीएनएसला जमत नाही.

पण शेपूट '.लोकल' ठेवू नका, ते एमडीएनएससाठी राखीव आहे. मॅक ते नाव डीएनएसला विचारायच्या आधी मल्टिकास्टवर विचारत बसतो आणि प्रत्येक वेळी रेंगाळतो. घरासाठी 'होम.आर्पा' हे अधिकृत शेपूट आहे, आरएफसी ८३७५.

गडबड होते ती पुढच्या जागी:

डीएचसीपीत दुसरा डीएनएस म्हणून ८.८.८.८ (गूगलचा सार्वजनिक डीएनएस) देतात, 'पहिला बंद पडला तर असावा' म्हणून. मशीन दुसऱ्याला केव्हाही विचारतं, त्यासाठी पहिला बंद पडावाच लागतो असं नाही. ८.८.८.८ म्हणतो असं नाव नाही, आणि 'नाही' हेही पूर्ण उत्तर असल्यामुळे पहिल्याला परत कुणी विचारत नाही. सकाळी चालतं, दुपारी चालत नाही, त्याचं मूळ बहुतेक वेळा इथे सापडतं.

फायबरच्या डब्यातून आयपीव्ही६ चालू असेल तर तो स्वतःचा डीएनएस आयपीव्ही६ वरून वेगळा जाहीर करतो. तुमचा पाय-होल बाजूलाच राहतो.

फोनमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' ला एखाद्या सेवेचं नाव दिलेलं असेल, किंवा ब्राउझरमध्ये 'सिक्युअर डीएनएस' चालू असेल, तर चौकशी घर सोडून थेट बाहेर जाते.

कात्यायनी

पद्धत चांगली आहे, पण ज्या घरात फायबरच्या डब्यात डीएनएसचं सेटिंगच उघडत नाही तिथे सगळा डीएचसीपी दुसऱ्या यंत्रावर हलवावा लागतो. मग ते यंत्र बंद पडलं की घरातलं नेटही बंद. सहा-सात उपकरणांसाठी मी एमडीएनएस आणि सोबत डीएचसीपी रिझर्व्हेशन (ठरावीक मशीनला कायम तोच आयपी) एवढंच सुचवेन. बारा-पंधरा उपकरणं आणि कॅमेरे झाले की गुलाल म्हणतात ते करा.

गुजरीकर

गोदाम.लोकल आता १९२.१६८.१.११० वर येतंय आणि शेअर उघडला. नेटवर्कच्या यादीत अजून नाही. आणि लाईट गेल्यावरचं काय?

रंकाळा_६४बिट

यादी म्हणजे नाव शोधणं नव्हे. पूर्वी ती यादी एसएमबी१ सोबतच्या कॉम्प्युटर ब्राउझर सेवेतून भरायची. विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून एसएमबी१ मुळात बसवलेलंच येत नाही, आता यादी डब्ल्यूएस-डिस्कव्हरीतून भरते: यूडीपी ३७०२ आणि टीसीपी ५३५७. सांबाला ते येत नाही. गोदामवर डब्ल्यूएसडीडी पॅकेज बसवा (काही आवृत्त्यांत सेवा डब्ल्यूएसडीडी-सर्व्हर नावाच्या वेगळ्या पॅकेजात असते), यूएफडब्ल्यू (उबुंटूचं फायरवॉल) चालू असेल तर हे दोन पोर्ट आणि ५३५३ यूडीपी उघडा. जुन्या लेखांत 'एसएमबी१ चालू करा' असा सल्ला सापडेल, तो वाचून सोडून द्या.

दुकान-पीसी यादीत नसेल तर त्याचं नेटवर्क प्रोफाइल 'पब्लिक' वरून 'प्रायव्हेट' करा आणि सर्व्हिसेसमध्ये 'फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन' ऑटोमॅटिक करा. राउटर बदलला की विंडोज त्याला नवं नेटवर्क समजतं आणि पुष्कळदा परत पब्लिकवर टाकतं. तुम्ही आत्ताच मांडणी बदललीय, तेव्हा हे आधी बघा.

लाईटचं कारण सरळ आहे. पुष्कळ घरगुती राउटर वाटलेल्या पत्त्यांची वही रॅममध्ये ठेवतात, वीज गेली की कोरी. मग जो आधी उठेल त्याला पत्ता. पीसी राउटरच्या आधी उठला तर त्याला १६९.२५४ नं सुरू होणारा पत्ता मिळतो आणि विंडोज दर पाच मिनिटांनी परत डीएचसीपी शोधत बसतं. पावसाळ्यात आपल्याकडे हे रोजचंच. डबा, वरचा राउटर यांना छोटा १२ व्होल्टचा यूपीएस लावा. दोन्हींच्या ॲडाप्टरवर व्होल्ट आणि ॲम्पिअर वाचूनच घ्या, काही राउटर ९ व्होल्टचे असतात.

आणि डब्यात दुकान-पीसी, गोदाम, प्रिंटर यांचं डीएचसीपी रिझर्व्हेशन करा. त्यासाठी लागणारा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा हार्डवेअर पत्ता, ॲपलच्या मॅकशी संबंध नाही) आयपीकॉन्फिग /ऑलमध्ये 'फिजिकल ॲड्रेस' म्हणून दिसतो. पीसीला केबल आणि वायफाय दोन्ही असतील तर दोघांचे मॅक पत्ते वेगळे असतात; जे वापरता त्याचाच घ्या. विंडोजच्या वायफायमध्ये 'रँडम हार्डवेअर ॲड्रेसेस' चालू असेल तर बंद करा, नाहीतर रिझर्व्हेशन पाण्यात.

कात्यायनी

टॅलीसाठी लॅपटॉपवरचा डेटा पाथ आयपीऐवजी \\दुकान-पीसी.लोकल\ आणि पुढे शेअरचं नाव असा करा. पहिल्यांदा तो परत युजरनेम-पासवर्ड विचारेल. विंडोज आयपी, नुसतं नाव आणि .लोकल नाव यांना तीन वेगळे सर्व्हर समजतं आणि क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये प्रत्येकाची नोंद वेगळी ठेवतं. तिथली आयपीच्या नावाची जुनी नोंद काढून टाका. बदल करायच्या आधी टॅली दोन्हीकडे बंद आणि डेटाचा बॅकअप घेतलेला.

गुजरीकर

सगळं लागलं, यादीतही आलं. नाद खुळा! एकच राहिलं, प्रिंटर लॅपटॉपवर मधूनच 'ऑफलाइन' दाखवतो.

जोतिबाचा_गुलाल

प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये पोर्ट्स टॅब बघा. तिथे डब्ल्यूएसडीनं सुरू होणारं पोर्ट असेल. 'ॲड पोर्ट', मग 'स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट', आणि रिझर्व्ह केलेला आयपी टाका. इथे .लोकल नाव नको, कारण काही प्रिंटर झोपले की एमडीएनएसला उत्तर देत नाहीत, थेट आयपीवर मात्र जागे होतात. त्याच पोर्टाच्या 'कॉन्फिगर' मध्ये 'एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड' ची खूण काढा. प्रिंटरनं एसएनएमपीला (उपकरणाची स्थिती विचारायच्या पद्धतीला) उत्तर दिलं नाही तर चालू प्रिंटरलाही विंडोज ऑफलाइन म्हणतं.

तांबडा_रस्सा

प्रिंटरला शेवटी आयपीच लागला म्हणायचं.